वारा, ओढ आणि धक्का

समुद्रप्रवासाची धास्ती घेणारा मनुष्य बहुधा मध्यसमुद्रातील लाटांचीच धास्ती घेतो. परंतु ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेल्या अशा कोळी, भंडारी, खारवी किंवा दालदी तांडेलास विचारले, तर होडीची खरी परीक्षा किनारा हाकेच्या अंतरावर आल्यानंतरच सुरू होते, असे तो सांगेल. भर समुद्रात एखादा अंदाज चुकला तर तो सुधारून घेण्यास सभोवार मैलोगणती पाणी मोकळे असते. धक्क्यापाशी मात्र एका बाजूस दगडी भिंत, दुसऱ्या बाजूस इतरांच्या होड्या, तळाशी गाळ किंवा खडक, आणि काठावर उतरण्यास उतावीळ झालेले पन्नास-साठ उतारू, अशा कोंडीत त्याला आपले काम उरकावे लागते. आणि तेही अशा दोन शक्तींच्या अंमलाखाली, की ज्यांतील एकही त्याच्या हुकमतीतील नाही. वारा आणि पाण्याची ओढ या त्या दोन शक्ती होत. त्यांच्याशी झुंजत न बसता त्यांच्याकडूनच होडी धक्क्याला लावून घेण्याची जी विद्या आपल्या किनाऱ्यावर बापाकडून मुलाकडे चालत आली आहे, तिच्यामागचे शास्त्र साधे असले तरी अतिशय सुंदर आहे, आणि लाँचमधून जा-ये करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

प्रथम या दोन शक्तींच्या बळाचा अदमास घेतला पाहिजे. होडीचा जो भाग पाण्यावर दिसतो त्यावर वाऱ्याचा अंमल चालतो आणि जो पाण्याखाली बुडालेला असतो त्यावर ओढीचा. समुद्राचे पाणी हवेपेक्षा सुमारे साडेआठशे पट घन असते. आणि वाहत्या पदार्थाचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, सारख्याच क्षेत्रफळावर एक नॉट वेगाच्या ओढीचा जो रेटा बसतो, तेवढा रेटा देण्यास वाऱ्याला सुमारे २९ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ५४ किलोमीटर वेगाने वाहावे लागते. शांत दिसणारी, पृष्ठभागावर सुरकुतीही न उमटवणारी ओढ म्हणूनच सोसाट्याच्या वाऱ्याइतकी बलवत्तर असू शकते. याच वर्गाच्या नियमामुळे वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि सकाळी सहज धक्क्याला लागलेली होडी दुपारी त्याच धक्क्यावर त्याच हातांना दाद देईनाशी होते.

परंतु ओढीच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे, की जी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते आणि जिच्यावर या सगळ्या विद्येचा पाया रचलेला आहे. पाण्यावर मोकळ्या तरंगणाऱ्या होडीला ओढ जाणवतच नाही. ती पाण्याबरोबर वाहत जाते, आणि तिच्या कुशीला लागून असलेले पाणी तिच्या दृष्टीने स्थिर असते; किनाऱ्यावरचे माड सरकताना दिसतात म्हणूनच केवळ आपण वाहतो आहोत हे माणसाला कळते. ओढीचा जोर प्रकट होतो तो होडी जमिनीशी जखडली गेल्यावर, मग ते जखडणे नांगराने असो, दोराने असो, की गाळात रुतून असो. म्हणजे धक्क्याला लागण्याचा क्षण हा होडीने पाण्याचा अंमल सोडून जमिनीचा अंमल पत्करण्याचा क्षण असतो. आणि या हस्तांतरात दोहोंच्या वेगांत जेवढी तफावत शिल्लक असेल, तेवढा धक्का, तेवढा ताण आणि तेवढा धोका.

ही तफावत जमिनीच्या हिशेबाने शून्यावर आणायची आणि तरीही सुकाणूत जीव ठेवायचा, हे तांडेलाचे कोडे आहे. सुकाणूची फळी काम करते ती तिच्यावरून पाणी वाहत असेल तरच. पाणी वाहायचे थांबले की ती नुसतीच एक फळी. शांत तलावात होडी थांबवायची म्हणजे सुकाणूही निकामी करायचे. ओढ असलेल्या खाडीत मात्र होडीची नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, ओढीच्या तोंडाला धरून इंजिन बेताचे चालू ठेवले, तर दोन नॉटच्या ओढीत दोन नॉटने पुढे रेटणारी होडी धक्क्यासमोर जागच्या जागी उभी राहते, तिच्या सुकाणूवरून दोन नॉटने पाणी वाहत राहते, आणि ती तांडेलाच्या हाताला पूर्णपणे वश असते. मग त्याने नाळ धक्क्याच्या बाजूस किंचित कलती केली की ओढीचे पाणी बाहेरच्या कुशीवर तिरके आपटून होडीला आडवी सरकवत सरकवत धक्क्याकडे नेते. नाळ सरळ केली की सरकणे थांबते. समोरून येणारी ओढ अडथळा आहे असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात तीच धक्क्याला लागण्याचे सर्वोत्तम साधन आहे. हीच होडी ओढीच्या दिशेने आली, तर पाण्याच्या हिशेबाने पूर्ण थांबूनही ती दोन नॉटने दगडाकडे जात असते आणि सुकाणूचा तिला काडीचाही उपयोग नसतो. म्हणूनच जाणता तांडेल धक्का ओलांडून पुढे जातो, वळसा घेतो आणि उलट तोंडाने परत येतो. तो विनाकारण वेळ काढतो आहे अशी चुळबूळ उतारूंत सुरू होते, तेव्हा तो त्यांच्याच हातापायांची काळजी घेत असतो.

ओढ कोणत्या बाजूची आणि किती, हे ठरवण्याची साधने डोळ्यांसमोरच असतात. नांगरलेल्या होड्यांकडे पाहावे: मालाने भरलेला, पाण्यात खोल बसलेला मचवा ओढीकडे तोंड करून उभा असतो, तर रिकामी, उंच कठड्याची हलकी होडी वाऱ्याकडे तोंड करते, दोघांची तोंडे एकाच दिशेस असली तर वारा आणि ओढ एकमेकांना सामील आहेत, निरनिराळ्या दिशांना असली तर त्यांचे भांडण आहे, असे समजावे. बोयाच्या किंवा खांबाच्या एका बाजूस पाणी चढून दुसऱ्या बाजूस त्याची शेपटी लांबलेली दिसते, तिच्या लांबीवरून जोर कळतो. आणि सगळ्यांत खात्रीची परीक्षा म्हणजे किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एक पुढची व एक मागची, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि त्यामागचा एखादा उंच माड, एका ओळीत धरून क्षणभर होडी मोकळी सोडणे. पुढची खूण मागचीच्या डावीकडे सरकू लागली तर होडी उजवीकडे वाहते आहे. मासे सापडण्याच्या जागा भर समुद्रात हुडकून काढण्यासाठी आपले कोळी याच रीतीने किनाऱ्यावरच्या खुणा धरत आले आहेत.

ओढ जन्मते ती भरती-ओहोटीतून, आणि तिचे वेळापत्रक कोकणात घड्याळाआधी पंचांगात पाहिले जाई. तिथीला पाऊणने गुणावे, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या निरक्षर माणसालाही पाठ असे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि हा हिशेब तिथीमागे पंचेचाळीस मिनिटे धरतो, त्यामुळे थोडेसे अंतर पडते खरे. पण धक्क्यावर पाणी असेल की चिखल, हे ठरवण्यास तो पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे मंद दिवस असतात. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांतील फरक सरासरीने साडेतीन मीटरांहून अधिक पडतो, तर भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरच्या आसपास येतो. हे सगळे पाणी सुमारे सहा तासांत आत यायचे आणि तितक्याच वेळात बाहेर जायचे. पण ते एकसारख्या गतीने जात नाही. एकूण चढ-उताराचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा स्थूल हिशेब बसतो. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी खाडीच्या मुखातून जाते. ज्याला निवडीची मुभा आहे त्याने हे दोन तास टाळावेत. मात्र लांबलचक खाड्यांत एक खबरदारी घ्यावी लागते: पाण्याची उंची वाढायची थांबली तरी ओढ तत्क्षणी थांबतेच असे नाही, आतील वळणांकडे धाव घेतलेले पाणी आणखी काही वेळ तसेच जात राहते.

या सगळ्याचा एक जिवंत धडा पाहायचा असेल तर दाभोळला जावे. वाशिष्ठीच्या मुखाशी उत्तर तीरावर दाभोळ, दक्षिण तीरावर धोपावे, आणि मधून, ज्यांना लोक जंगलजेट्टी म्हणतात त्या सपाट तळाच्या फेरीबोटी मोटारी, ट्रक, दुचाक्या आणि माणसे घेऊन २००३ सालापासून ये-जा करतात. खाडी पूर्व-पश्चिम वाहते आणि बोट दक्षिणोत्तर जाते, म्हणजे ओढ नेहमी कुशीवर. शिवाय कोयनेच्या पाण्यावर वीज निर्माण झाल्यावर ते पाणी पश्चिमेकडे याच वाशिष्ठीत सोडले जाते, त्यामुळे या नदीला पावसाळ्याबाहेरही पाण्याचा पुरवठा असतो. या बोटी धक्क्याला कुशीने लागत नाहीत. पाण्यात उतरत गेलेल्या काँक्रीटच्या उतारावर त्या नाळ टेकवतात आणि पुढचा लोखंडी दरवाजा खाली पाडून त्यावरून वाहने चढ-उतार करतात. भरतीच्या वेळी बोट उतारावर वर टेकते, ओहोटीला खाली. पाण्याच्या चढ-उताराचा प्रश्न या साध्या हिकमतीने सुटला आहे, फक्त ओहोटीला उघड्या पडणाऱ्या शेवाळलेल्या पट्ट्यावर दुचाकीस्वारांना जपून जावे लागते.

आता ओढीचे गणित पाहा. बोटीचा वेग सहा नॉट आणि ओढ दोन नॉट धरली, तर समोरच्या उतारावर नेमके पोहोचण्यासाठी नाळ सुमारे वीस अंशांनी ओढीच्या तोंडाकडे वळवून चालावे लागते. काठावरून पाहणाऱ्यास बोट तिरकी चाललेली दिसते, पण तिचा मार्ग सरळ असतो. पलीकडचा काठ जवळ आला की वेग उतरवणे भाग असते. आणि बोटीचा वेग तीन नॉटवर आला, ओढ मात्र तीच राहिली, तर हा कोन विसावरून एकदम बेचाळीस अंशांच्या घरात जातो. वेग दोन नॉटवर उतरला तर तो नव्वद अंश होतो, म्हणजे नाळ थेट ओढीकडे, आणि पलीकडे सरकणे अजिबात बंद. ज्या क्षणी नाळ उतारासमोर सरळ यायला हवी, त्याच क्षणी ओढ तिला सर्वांत जास्त तिरके होण्यास भाग पाडते. यावर तोड आहे ती निसर्गातच: काठाजवळ पाणी उथळ होते, तळाच्या व किनाऱ्याच्या घर्षणाने ओढ मंदावते, आणि शेवटच्या काही वावांत बोटीला सरळ होण्याची सवड मिळते. परंतु ही सवड फसवीही असते, कारण नाळ मंद पाण्यात शिरलेली असताना बोटीची पिछाडी अजून भर ओढीतच असते. पिछाडीला ओढ खाली खेचते आणि सगळी बोट नाळेभोवती फिरू पाहते. या घडीला तांडेलाचे हात पाहण्यासारखे असतात. तो सुकाणू उलट बाजूस टाकतो आणि इंजिनाला थोडा जोर देतो, पंख्याचे पाणी सुकाणूवर आदळून पिछाडीला ओढीविरुद्ध ढकलते, आणि नाळ काँक्रीटला टेकते ती हलका घासल्याचा आवाज करून. दरवाजा पडल्यानंतरही त्याचे काम संपत नाही. वाहने उतरत असतात तोवर इंजिन पुढच्या गतीत चालूच असते, बोट उताराला रेटून धरलेली असते, आणि एखादा जड ट्रक नाळेवरून उतरताच पुढचा भार हलका होऊन नाळ वर उचलली जाते, तेव्हा तिची पकड सुटू नये म्हणून हा रेटा क्षणभर वाढवावा लागतो. दोरांची मदत घेतली तरी खरी भिस्त असते ती या रेट्यावर.

कुशीने लागणाऱ्या लाँचचे तंत्र याहून निराळे, आणि ते समजण्यासाठी होडी वळते कशी हे आधी पाहिले पाहिजे. बैलगाडी वळते तेव्हा बैल आधी वळतात आणि चाके त्यांच्या मागोमाग जातात; होडीचे याच्या नेमके उलट आहे, तिचे सुकाणू मागे असल्यामुळे ते प्रथम पिछाडीला बाहेर फेकते आणि त्यामुळे नाळ आत वळते. पुढे चालणाऱ्या होडीचा फिरण्याचा बिंदू साधारणपणे नाळेपासून एक तृतीयांश लांबीवर असतो, आणि उरलेला दोन तृतीयांश भाग उलट दिशेस झाडूसारखा फिरतो. धक्क्याजवळ आलेल्या लाँचची नाळ घाईने बाहेर वळवली की तिची पिछाडी दगडावर आपटते, ती यामुळे. पंख्याचाही स्वतःचा एक कल असतो. मागून पाहिले असता पुढच्या गतीत उजवीकडे फिरणारा पंखा उलटा फिरवला, म्हणजे पिछाडी डावीकडे ओढली जाते. अशा लाँचचे डावे अंग धक्क्याकडे ठेवून तिरके यावे आणि थांबण्यासाठी पंखा उलटा फिरवावा, की वेग मरतो आणि त्याच झटक्यात पिछाडी आपसूक धक्क्याला चिकटते. उजव्या अंगाने लावायचे म्हटले तर हाच कल पिछाडीला बाहेर काढतो. गेटवेच्या पायऱ्यांशी येणाऱ्या लाँचकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहिले तर कोणती लाँच कोणत्या अंगाने सहज लागते, हे कुणालाही ओळखता येईल.

वाऱ्याचा विचार कोकणात घड्याळाच्या हिशेबाने करता येतो. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा भरात येतो. वारा धक्क्याकडे ढकलणारा असेल तर होडी धक्क्यापासून स्वतःच्या रुंदीइतक्या अंतरावर, धक्क्याला समांतर, पूर्ण थांबवावी आणि पुढचे काम वाऱ्याला करू द्यावे. पिछाडीपेक्षा नाळेवर वाऱ्याची पकड अधिक असते, म्हणून नाळ थोडी बाहेर ठेवलेली बरी. वारा धक्क्यापासून दूर ढकलणारा असेल तर असे सावकाश येऊन चालत नाही. कोन मोठा ठेवून, अंमळ अधिक वेगाने, नाळ धक्क्याशी नेऊन पहिला दोर तत्काळ द्यावा लागतो, आणि तो खुंट्याला पडेपर्यंतच्या काही क्षणांत सगळे सामावलेले असते. वारा आणि ओढ परस्परविरुद्ध असतील, उदाहरणार्थ दुपारची ओहोटी पश्चिमेकडे धावते आहे आणि खारा वारा पूर्वेकडे, तेव्हा लाटा आखूड, उभ्या आणि त्रासदायक होतात. अशा वेळी नाळ कुणाकडे धरायची? भरलेल्या, खोल बसलेल्या होडीने ओढीकडे, रिकाम्या व उंच होडीने बहुधा वाऱ्याकडे. आणि शंका असेल तर होडी थोडी दूर उभी करून ती कुणाच्या मागे जाते ते पाहावे.

दोराबद्दल लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. वीस टन वजनाची लाँच एक नॉट वेगाने, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याच्याही निम्म्याहून कमी वेगाने, येत असली, तरी एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाने पन्नास किलोच्या जोराने तिला सतत रेटून धरल्यास ती थांबण्यास साडेपाच मीटरच्या आसपास अंतर लागते. वेग दोन नॉट असेल तर हेच अंतर चौपट. धक्का आणि होडी यांच्यामधले अंतर असते हातभर. यास्तव पाय किंवा हात मध्ये घालून होडी थोपवू पाहणे म्हणजे ते अवयव गमावण्याची तजवीज करणे होय, आणि ज्या लाँचवरचे खलाशी अशी सवय लावून घेतात तेथील मालकाने ती कठोरपणे मोडून काढली पाहिजे. ते काम कुशीला टांगलेल्या जुन्या टायरांचे आणि दोराचे आहे. दोराची करामत त्याच्या वेढ्यात असते. खुंटा आणि दोर यांच्या घर्षणामुळे प्रत्येक वेढ्यागणिक पकड गुणाकाराने वाढत जाते: घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने हातातील जोर सुमारे साडेसहापट होतो, दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपटीच्या आसपास. म्हणूनच एक किडकिडीत पोरगाही दोन वेढे घालून भरलेली लाँच आवरतो. तो दोर एकदम जखडत नाही. तो त्याला थोडा थोडा सरकू देतो, दोर करकरतो, लाँचचा वेग त्या घर्षणात जिरतो, आणि ती थांबल्यावरच शेवटची गाठ पडते. एका झटक्यात बांधलेला दोर तुटतो, आणि ताणाखाली तुटलेल्या दोराचे टोक माणसाला जायबंदी करू शकते. जुन्या काथ्याच्या दोराला दोन गुण होते, तो ताणला जाई आणि पाण्यावर तरंगे. आजच्या नायलॉनमध्ये ताण खाण्याचा गुण उत्तम आहे, परंतु तो बुडतो, आणि बुडालेला दोर पंख्याभोवती गुंडाळला गेला की ऐन वेळी इंजिन बंद पडते.

इंजिनाविना हे सारे साधणारे लोक आजही आहेत. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांना थांबण्यासाठी उलटा फिरवायला पंखाच नसतो. किल्ल्याचा दरवाजा पूर्वेस, राजपुरीच्या दिशेने, आणि त्याच्या पायऱ्यांशी पाणी सदैव खाली-वर होत असते. किती अंतरावर शीड सैल सोडले म्हणजे उरलेल्या वेगावर होडी पायरीशी येऊन मरेल, हा अंदाज होडीतील माणसांची संख्या, भरतीची वेळ आणि वाऱ्याचा त्या क्षणीचा जोर पाहून बांधावा लागतो. शीड फार लवकर सोडले तर होडी मध्येच थबकून ओढीच्या स्वाधीन होते, फार उशिरा सोडले तर दगडाच्या. पाणी वर आले की एक उतारू हाताला धरून पायरीवर घ्यायचा, खाली गेले की थांबायचे, पुन्हा वर आले की दुसरा. या लयीत घाई करणारा मनुष्यच बहुधा पडतो. शिडाच्या काळात गलबते खाडीत शिरत ती भरतीबरोबर आणि बाहेर पडत ती ओहोटीबरोबर. चिपळूणचा माल याच रीतीने दाभोळहून गोवळकोटच्या बंदरापर्यंत वर जाई. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी कोकणपट्टीवर फिरू लागल्या, तरी अनेक लहान बंदरांत त्यांना धक्क्याला लागण्याइतके खोल पाणी नव्हते. त्या बाहेर नांगर टाकत आणि उतारूंना पडावातून आणावे लागे. नांगरलेल्या आगबोटीच्या आडोशाच्या बाजूस पाणी तुलनेने शांत असते, म्हणून पडाव नेहमी वाऱ्याच्या उलट अंगाला येई. पण ओढीने आगबोट वाऱ्याला आडवी फिरली की आडोशाची बाजूही बदलत असे, आणि त्याबरोबर शिडीही.

धक्का कोठे आणि कसा बांधावा, या प्रश्नाला तांडेलाच्या कौशल्याहूनही अधिक महत्त्व आहे असे माझे मत आहे. मुंबईत १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, या दरवाजे असलेल्या गोद्या बांधण्यात आल्या. भरतीच्या सुमारास दरवाजा उघडून जहाज आत घ्यायचे आणि दरवाजा लावून पाणी कोंडून ठेवायचे. आत ना ओढ, ना चढ-उतार. एवढा खर्च लहान बंदरांना पेलणारा नाही. परंतु धक्क्याचा मुखडा ओढीला समांतर ठेवणे तर सर्वांना शक्य आहे. ओढीला आडवा बांधलेला धक्का एका भरतीत होडीला स्वतःवर आपटवतो आणि पुढच्या ओहोटीत दूर ढकलतो. खांबांवर उभारलेल्या उघड्या धक्क्याखालून ओढ आरपार जाते आणि होडीला खांबांमध्ये ओढून नेऊ पाहते. भरीव भिंतीपाशी पाणी अडून होडीला थोडी गादी मिळते, पण भिंतीच्या टोकामागे उलटा भोवरा फिरत असतो व गाळही तेथेच साचतो. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्या जागी एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत, दिवसा व रात्री, ओढ मोजली जावी आणि त्या खाडीतील दोन-चार जुन्या तांडेलांचा जबाब दफ्तरी नोंदवला जावा, एवढी माफक अपेक्षा बंदरखात्याकडून करणे गैर ठरू नये.

उतारूंनीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लाँच धक्क्याशी येताच सगळेजण एकाच कठड्याशी उभे राहतात. साठ माणसे मधून दोन मीटर बाजूला सरकली की साडेतीन टनांहून अधिक भार जागा बदलतो, लाँच त्या अंगाला कलते, तिची बुडालेली आकृती बदलते, तांडेलाने योजलेली दिशा ढळते, आणि त्याला समोरचा धक्काही दिसेनासा होतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, त्या भीषण अपघाताची आठवण ज्या किनाऱ्यावर अजून ताजी आहे, तेथे तरी दोर बांधला जाईपर्यंत बसून राहण्याची शिस्त सर्वांनी पाळली पाहिजे.

धक्का सोडणे हे धक्क्याला लागण्याइतकेच विचाराचे काम आहे, आणि त्यातही ओढच मदतीला येते. ओढ नाळेकडून येत असेल तर पुढचा दोर आधी सोडतात, पिछाडीचा धरून ठेवतात. पाणी नाळ आणि भिंत यांच्यामध्ये शिरते, नाळ आपोआप बाहेर फिरते, आणि मग मागचा दोर सोडून लाँच पुढे निघते. ओढ किंवा वारा मागून असेल तर नाळेपासून मागच्या बाजूस, धक्क्यावरच्या खुंट्याकडे गेलेला एकच तिरका दोर ठेवून, सुकाणू धक्क्याकडे वळवून इंजिन हळूच पुढच्या गतीत चालवतात. दोर नाळेला पुढे जाऊ देत नाही, पिछाडी बाहेर पडते, आणि मग लाँच उलट गतीने मोकळ्या पाण्यात काढतात. हा शेवटचा दोर खुंट्याला बांधलेला नसतो. त्याचे एक टोक लाँचवर पक्के असते आणि दुसरे खुंट्याभोवतून परत लाँचवर आणलेले असते, म्हणजे धक्क्यावर कुणी नसले तरी एका हाताने सोडून दुसऱ्याने तो ओढून घेता येतो. तो सगळा आत आल्याचा खलाशाचा आवाज ऐकल्यावरच तांडेल पंखा उलटा फिरवतो.